बारीक अक्षरातले हायकू

चष्म्याचं दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असायचं आणि नेमकं त्याच दिवशी तिथे सगळ्यात जास्त गलका असायचा. दुकानाच्या मागच्या बाजूला डोळे तपासायची लांबट खोली होती. एका टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला उंच खुर्ची आणि मधे मोकळी जागा. सुट्टीच्या दिवशी चष्मेवाल्याची बायको त्या मोकळ्या जागेत चार खुर्च्या मांडायची आणि तिथे हायकू लिहिणाऱ्यांची बैठक भरायची. चष्मेवाला बाहेर काउंटरपाशी बसून फ्रेमचे ढिले स्क्रू आवळायचा. बैठकीला चहा देणं हे त्याचं काम. बैठकीला तो ‘तीन ओळींची टोळी’ म्हणायचा, पण चहात साखर मात्र प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे घालायचा.

टोळीत माणसं चारच. चष्मेवाल्याची बायको एका छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवायची. दिवसभर औषधांच्या खोक्यांवरच्या सूचना आणि दुकानांची पत्रकं जुळवून तिचं डोकं भणभणायचं. पाच-सात-पाच अक्षरांच्या तीन ओळी हा तिला त्यावरचा उतारा वाटे. दुसरा सिटी बसचा ड्रायव्हर, धिप्पाड आणि हळवा. तिसरी सरकारी इस्पितळातली सिस्टर, जी हसायला लागली की थांबायची नाही. आणि चौथे अनुस्वार.

अनुस्वार त्याच छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. छापण्याआधी मजकुरातल्या चुका हुडकायच्या, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं होतं. सतत सगळ्यांच्या डोक्यावर बसलेले असत, म्हणून छापखान्यातल्या पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत.

बैठकीचा नियम बायकोने घातला होता: स्वतःचा हायकू स्वतः वाखाणायचा नाही. या वेळी ज्याने त्याने आपला नवा हायकू वाचून कागद वाटायचे. पुढच्या वेळी प्रत्येकाने दुसऱ्या कुणाचा तरी, मनात घर करून राहिलेला एक म्हणायचा आणि तो का आवडला ते सांगायचं. हा नियम येण्याआधी प्रत्येकजण दुसऱ्याचं वाचून संपायची वाट बघत बसलेला असे. या नियमाने लोक निदान ऐकायला लागले.

फक्त अनुस्वारांची पाळी आली की गाडी अडायची. ते घसा खाकरत आणि म्हणत, “या वेळी काही डोळ्यांत भरलं नाही.” मग कुणाचा शब्द चुकला, कुणाचं एक अक्षर जास्त झालं, ते सांगत. कागद पुढे केला तर हाताने बाजूला सारत. “मला कागद नको. तुम्ही म्हणा. मला चूक कानाने कळते.”

चष्मेवाल्याला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण एकदा तो चहाचा ट्रे घेऊन आत गेला तेव्हा ड्रायव्हर सिस्टरचा हायकू म्हणत होता.

नाडी मोजते
खिडकीत पाखरू
पुन्हा मोजते

“यात त्या पाखराने काहीच केलं नाही,” ड्रायव्हर सांगत होता. “आलं, इतकंच. पण सिस्टरांची मोजणी बिघडली. माझंही असंच होतं. सिग्नलला रस्ता ओलांडताना कुणी गोड हसलं, की पुढचा थांबा माझ्या डोक्यातून जातो.”

“मग?” बायकोने विचारलं.

“मग काय वहिनी, प्रवासी आठवण करून देतात. चांगली ठणकावून.”

चष्मेवाला ट्रे घेऊन तसाच उभा होता. “पण ते पाखरू बसून राहिलं की उडालं?”

“मला काय माहीत,” सिस्टर म्हणाली. “मी मोजत होते.” आणि तिला जे हसू फुटलं ते चहा गार होईपर्यंत चाललं.

त्या रात्री जेवताना चष्मेवाल्याने बायकोला दोनदा विचारलं, की पेशंटचं पुढे काय झालं असेल. बायकोने ओळखलं, गडी अडकला.

आठवडाभराने त्यानेही एक हायकू लिहून आणला आणि चहाबरोबर सादर केला.

फ्रेम बदला
काच तीच राहू द्या
पैसे वाचवा

सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं. शेवटी अनुस्वारांनी बोटांवर अक्षरं मोजली. “मोजणी बिनचूक आहे. हायकू नाही, पण पाटी उत्तम होईल.”

चष्मेवाल्याला राग आला नाही. त्याला स्वतःलाच वाचताना तसं वाटलं होतं. लिहायचा नाद त्याने तिथल्या तिथे सोडला. ऐकायची मात्र चटक लागली. दुसऱ्यांचे हायकू त्याच्या डोक्यात फिरत राहायचे. काचा घासताना, दुकानाचं शटर ओढताना. आणि मनात एखादी गोष्ट फिरायला लागली की ती गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

दुकानात जवळचं वाचायचं एक कार्ड होतं. चाळिशीचा चष्मा द्यायचा तर हे कार्ड हातात देऊन, वर मोठ्या अक्षरांपासून खाली बारीक अक्षरांपर्यंत वाचायला लावायचं. त्यावरचा मजकूर कुणी निवडला होता देव जाणे. दातांची निगा कशी राखावी हे त्यात सांगितलेलं होतं. चष्मेवाल्याने आयुष्यात तो इतक्या वेळा ऐकला होता की त्याला दातांचाच वीट आला होता.

“अगं,” तो बायकोला म्हणाला, “त्या कार्डावर तुमचे हायकू घातले तर?”

बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. “आमचे? लोकांना वाचायला?”

“वाचावेच लागतील त्यांना. चष्मा पाहिजे ना?”

पुढच्या बैठकीत त्यावर जी वादावादी झाली तशी त्या खोलीत कधी झाली नव्हती. कुणाचा हायकू कुठल्या आकारात, हा प्रश्न होता. ड्रायव्हरचं म्हणणं, त्याचा सगळ्यात वर हवा, कारण बसची पाटी वरच असते. सिस्टर म्हणाली, मोठ्या अक्षरांत काय, आंधळ्यालाही दिसेल, पण मधल्या ओळी लोक नीट लक्ष देऊन वाचतात. बायको म्हणाली, मी जुळवणार आहे, त्यामुळे मी काही बोलत नाही; आणि बोलत राहिली. शेवटी चष्मेवाल्याने निकाल दिला. सगळ्यात वर ड्रायव्हरचा:

रिकामी बस
आरशात एकटा
माझाच डोळा

त्याखाली सिस्टरचं पाखरू. त्याखाली बायकोचा:

तुझ्या चष्म्याची
काच पुसून झाली
धुके तसेच

हा हायकू पहिल्यांदा ऐकला तेव्हा चष्मेवाल्याने काळजीने विचारलं होतं, “म्हणजे माझा नंबर वाढलाय का?” बायकोने त्याला आजतागायत उत्तर दिलेलं नव्हतं.

आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, अनुस्वारांचा:

कोरा कागद
एक चूक सापडे
माझी सावली

“काका, तुमचा सगळ्यात बारीक,” चष्मेवाला भीत भीत म्हणाला. “बारकावे तुम्हालाच लागतात म्हणून.”

अनुस्वार रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते खुर्चीत मागे टेकले. “असू दे. तिथपर्यंत पोचेल तो खरा वाचक.”

कार्डं छापून झाली, त्यांना प्लास्टिकचं आवरणही चढलं, आणि मग बायकोने कपाळाला हात लावला. ड्रायव्हरच्या दुसऱ्या ओळीत ‘एकटा’च्या जागी ‘ऐकटा’ पडलं होतं. गिऱ्हाइकांना ते कळायचं नाही. पण काकांनी पाहिलं तर ते जन्मभर ऐकवतील. त्यांच्याच हाताखाली ती शिकलेली. तेव्हा ठरलं, की बैठकीच्या दिवशी कार्ड ड्रॉवरमध्ये जाईल. ड्रॉवरला कुलूप लागलं. काकांनी कार्ड दाखवा असं एकदाही म्हटलं नाही, आणि या आनंदात ते का म्हणत नाहीत हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दुकानात मात्र कार्डाने धमाल उडवली. एक ठेकेदार मधल्या ओळींपर्यंत आला आणि म्हणाला, “पुढचं कुठाय?” पुढचं नसतंच हे सांगितल्यावर तो जाता जाता वळून म्हणाला, “नाडी बंद तर पडली नव्हती ना?” एका बाईंनी धुक्याच्या ओळी वाचून कार्ड शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. एका आजोबांना नव्या काचेतून सगळं लख्ख दिसलं, तरी ते म्हणाले, “आणखी एक काच लावा बघू. आणखी एखादी ओळ दिसते का बघतो.”

चष्मेवाला हे सगळं लक्षात ठेवून बैठकीत सांगायचा. टोळीला आता चहापेक्षा त्याच्या या बातम्यांची ओढ लागली. मग आठवड्यातल्या इतर दिवशीही कविमंडळी ‘सहज’ उगवू लागली. सिस्टर चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून यायची आणि तासभर बसायची. ड्रायव्हर तर चष्माच लावत नव्हता. तो जेवणाच्या सुट्टीत गणवेशात येऊन बाकावर गिऱ्हाइकासारखा बसायचा आणि कान टवकारायचा.

एक दिवस एक कडक आवाजाच्या बाई पहिल्याच हायकूवर थांबल्या. “एकच डोळा का? दुसऱ्याला काय झालं?”

चष्मेवाला काही बोलायच्या आत बाकावरून आवाज आला, “आरसा लहान असतो हो बाई.”

बाईंनी वळून पाहिलं. ड्रायव्हर उठून उभा राहिला होता आणि त्याने हाताने आरशाचा आकारही दाखवला होता. “बसायची जागा, आरसा आणि दिवसाची शेवटची फेरी. मागे कुणी नाही. मग वर बघितलं की आपलाच एक डोळा आपल्याकडे बघतो.”

बाईंनी कार्ड पुन्हा वाचलं. “असं होय. मग ठीक आहे.” जरा वेळाने म्हणाल्या, “बिचारा.”

ड्रायव्हर पुढचे दोन दिवस तरंगत होता.

अशात एका सकाळी अनुस्वारांची सून त्यांना घेऊन दुकानात आली. घेऊन म्हणजे जवळजवळ ओढूनच.

“बाबांचे डोळे तपासा,” ती म्हणाली. “काल मिठाऐवजी साखर आणली. परवा अर्ध्या उघड्या दारावर आपटले. विचारलं तर म्हणतात, दाराची चूक आहे.”

“होतीच,” अनुस्वार म्हणाले. “दार एक तर उघडं असावं, नाही तर बंद.”

चष्मेवाल्याने त्यांना उंच खुर्चीत बसवलं. मशीनमध्ये हनुवटी टेकवायला त्यांनी साफ नकार दिला. मी काय फोटो काढायला आलोय का, म्हणाले. मग त्याने तक्ता वाचायला सांगितलं. अनुस्वारांनी वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं खाडखाड म्हटली. मग त्याने ड्रॉवर उघडला आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. आता काकांना ‘ऐकटा’ दिसणार आणि आपली धडगत नाही, असं त्याला वाटत होतं.

अनुस्वारांनी कार्ड डोळ्यांसमोर धरलं. रिकामी बस. आरशात एकटा. माझाच डोळा. मग पाखरू, मग धुकं, आणि सगळ्यात खालचा मुंगीच्या पायांचा हायकूसुद्धा, न अडखळता.

“यांचे डोळे माझ्याहून चांगले आहेत,” चष्मेवाला सुनेला म्हणाला. सून साशंक चेहऱ्याने सासऱ्यांना घेऊन गेली. जाताना अनुस्वार काउंटरच्या कोपऱ्याला हलकेच थडकले आणि कोपऱ्याकडे नापसंतीने बघून पुढे गेले.

संध्याकाळी चष्मेवाल्याने खुशीत येऊन बायकोला सगळं सांगितलं. “आणि गंमत म्हणजे काका ‘ऐकटा’वरून सरळ पुढे गेले. तुला माफ केलं बघ त्यांनी.”

बायको भाजी चिरत होती. तिचा हात थांबला. “काही बोलले नाहीत?”

“अक्षर नाही.”

“नाकसुद्धा मुरडलं नाही?”

“नाही म्हणतोय ना.”

तिने सुरी खाली ठेवली. “अहो, काका पलंगावर आडवे पडून समोरच्या दुकानाच्या पाटीतल्या चुका काढणारे. त्यांनी ‘ऐकटा’ पाहिला असता तर तिथेच खुर्चीवरून उतरले असते. त्यांना दिसत नाहीये.”

“मग वाचलं कसं?”

“वाचलं नाही. म्हटलं.”

चष्मेवाला खाली बसला. तक्ता तर काका वर्षानुवर्षं समोर बसून बघत आले होते, तोही पाठ असणारच. आपण डोळे तपासले नाहीत, पाठांतर तपासलं, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःच्या धंद्याची लाज वाटली. पण बायको वेगळ्याच विचारात होती. “स्वतःचा पाठ असणं समजू शकते,” ती म्हणाली. “पण आमचे का पाठ आहेत त्यांना? त्यांना तर आमचा एकही आवडत नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने ड्रायव्हरला आणि सिस्टरला फोन केले. बैठकीत न वाचलेला, कुणालाही न ऐकवलेला एकेक हायकू मागून घेतला, स्वतःचा एक घातला, आणि अगदी तशाच आकारांत, तशाच कागदावर नवं कार्ड केलं. या वेळी तिने ते चारदा तपासलं. मग चष्मेवाल्याने अनुस्वारांना निरोप धाडला, की काका, नोंद करायची राहिली, पाच मिनिटं येऊन जा.

अनुस्वार एकटेच आले, भिंतीच्या कडेकडेने. उंच खुर्चीत बसले. कार्ड हातात घेतलं, डोळ्यांसमोर धरलं आणि सुरुवात केली.

“रिकामी बस. आरशात एकटा…”

चष्मेवाल्याने त्यांना अडवलं नाही. पाखरू झालं, धुकं झालं. त्या कार्डावर यातलं एक अक्षरही नव्हतं. आणि तरी त्याला ते ऐकत राहावंसं वाटलं, कारण काका नुसतं घोकून म्हणत नव्हते. ‘पुन्हा मोजते’च्या आधी ते थोडे थांबले, सिस्टर थांबते त्याहून जास्त. जसं काही खिडकीकडे बघून आले.

“काका,” शेवटी तो म्हणाला, “हे कार्ड नवं आहे.”

अनुस्वारांनी कार्ड हळूच मांडीवर ठेवलं आणि त्यावरून अंगठा फिरवला, जणू अक्षरं हाताला लागतील.

“कुणाची अक्कल ही?”

“हिची.”

“वाटलंच. चांगली तयार केली मी तिला.” त्यांनी मांडीवरचं कार्ड पालथं केलं. “बरेच दिवस झाले. आधी सगळं पिवळट दिसायला लागलं. मग कुणी ओल्या हाताने पान पुसल्यासारखं. आता माणसं आवाजावरून ओळखतो.”

“मग सांगायचं नाही का?”

“काय सांगायचं? मुद्रितशोधक आहे आणि दिसत नाही? त्यापेक्षा पोहता न येणारा नावाडी बरा; तो निदान काठावर तरी बसतो.”

चष्मेवाल्याने बॅटरी घेऊन त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. या वेळी त्यांनी हनुवटीही मुकाट्याने मशीनवर टेकवली. दोन्ही डोळ्यांत पांढुरकी साय धरल्यासारखं दिसत होतं. तो धंद्याने चष्मेवाला होता, डॉक्टर नव्हता, पण हे ओळखायला डॉक्टर लागत नव्हता. “मला तर हा मोतीबिंदू दिसतोय. पक्कं डॉक्टर सांगतील. ऑपरेशन झालं की दिसेल, काका.”

“बिंदू?” अनुस्वार म्हणाले. “जन्मभर लोकांचे बिंदू शोधत फिरलो. हा माझ्याच डोळ्यांत येऊन बसला, आणि दिसला नाही.”

दोघेही हसले. मग चष्मेवाल्याने मनातलं विचारलं. “पण एक सांगा. सगळ्यांचे हायकू पाठ कसे तुम्हाला?”

“ऐकून. कागद दिसत नव्हता म्हणून कान देऊन ऐकायचो. घरी गेल्यावर फेऱ्या मारताना म्हणायचो. ड्रायव्हरचे सगळे येतात मला. अक्षरं वाढवतो तो, पण माणूस दिसतो त्यात.”

“मग बैठकीत तर म्हणता, काही भरलं नाही.”

अनुस्वारांनी मांडीवरच्या कार्डाच्या कडेने नखाने एक रेघ ओढली.

“चूक दाखवायला एक खूण पुरते,” ते म्हणाले. “समासात रेघ मारली की झालं. बरं जमलंय हे सांगायची खूण आमच्या धंद्यात नव्हती. बरोबर असेल तर त्या ओळीला हात लावायचा नाही, इतकंच. मला बोलताच येत नाही रे ते.”

ऑपरेशन सिस्टरच्याच इस्पितळात ठरलं. एका वेळी एक डोळा. सुनेला वाटलं होतं बाबांना तयार करायला महिना जाईल. घरात दोन दिवस त्यावरून धुसफूस झालीही. पण चष्मेवाला, त्याची बायको आणि ड्रायव्हर तिघे मिळून घरी जाऊन बसले, तेव्हा अनुस्वारांनी हात टेकले. ड्रायव्हरने सुट्टी टाकली आणि त्यांना इस्पितळात नेण्यासाठी मेव्हण्याची मोटार मागून आणली. बस नाही आणता आली, याचं त्याला वाईट वाटत होतं.

सिस्टरने त्यांना आत नेलं आणि मनगट धरून नाडी बघितली. अनुस्वार पडल्या पडल्या म्हणाले, “खिडकी आहे का इथे?”

“नाही,” सिस्टर म्हणाली. “गप्प पडा. मला पुन्हा मोजावी लागेल.” आणि तिला हसू आवरेना, त्यामुळे तिने खरंच पुन्हा मोजली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा सून, चष्मेवाला आणि सिस्टर पलंगाभोवती उभे होते. अनुस्वारांनी डोळा मिटला, उघडला, पाणी पुसलं. समोर सिस्टरच्या छातीवर नावाची पट्टी होती. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

“काय दिसतंय, बाबा?”

“‘परीचारिका’,” अनुस्वार म्हणाले. “दुसऱ्या अक्षराला दीर्घ वेलांटी कुणी दिली?”

सिस्टर तिथेच पलंगाच्या कठड्याला धरून हसत बसली. मोठ्या सिस्टर बघायला आल्या, तरी थांबेना.

पुढच्या महिन्यात दुसरा डोळाही झाला. काही आठवडे जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. पण वाचायला हळूहळू मुभा मिळाली. तेव्हा बायकोने त्यांना तेच नवं कार्ड नेऊन दिलं. त्यावर सगळ्यात वर ड्रायव्हरचा हायकू होता:

लाल दिव्याशी
शेजारच्या गाडीत
माझंच गाणं

मग सिस्टरचा:

निजलं बाळ
वॉर्डात चालतात
मोजेच फक्त

आणि मग बायकोचा:

भांडण झालं
दोन कपांचे कान
एका दिशेला

खालची बारीक जागा तिने कोरी सोडली होती. काकांकडे नवा हायकू मागायचा तर बिंग फुटलं असतं.

बैठक पुन्हा भरली तेव्हा चष्मेवाल्यासाठी पाचवी खुर्ची मांडलेली होती. त्याने चहा आधीच करून ठेवला आणि आत येऊन बसला. सगळ्यांनी आपापल्या आवडीचे हायकू म्हटले. मग अनुस्वारांची पाळी आली. त्यांनी घसा खाकरला. सवयीने सगळे चुका ऐकायच्या तयारीने बसले.

“भांडण झालं,” अनुस्वार म्हणाले. “दोन कपांचे कान. एका दिशेला.” आणि थांबले.

त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. ड्रायव्हरने त्यांना पाण्याचा पेला द्यावा का, असा विचार केला आणि मग दिला नाही.

“हा मला,” ते म्हणाले, “म्हणजे. आवडला असं म्हणण्यापेक्षा… थांबा. ऑपरेशनवरून आमचं घरात वाजलं होतं. सून बोलत नव्हती, मीही बोलत नव्हतो. दोघांनी वेगवेगळ्या वेळी चहा घेतला. आता परवा हे कार्ड वाचलं आणि स्वयंपाकघरात गेलो. जाळीवर दोन कप उपडे होते. तिचा आणि माझा. कान एकाच बाजूला. तिने धुतले होते ना, एकच हात, म्हणून. मी माझा उचलला आणि उलटा फिरवून ठेवला, कसं दिसतं बघायला.”

“कसं दिसलं?” सिस्टरने विचारलं.

“चुकीचं,” अनुस्वार म्हणाले. “समजलं का? त्यात काही चूक नव्हती. कप कसाही ठेवता येतो. पण ते चुकीचं दिसलं. म्हणून पुन्हा होता तसा ठेवला. तेवढ्यात सून आली आणि म्हणाली, बाबा, कपांशी काय खेळताय. मग आम्ही हसलो. आता हायकूत हसणं नाही, सून नाही, मी नाही. पण सगळं…” त्यांनी हात हवेत फिरवला आणि खाली आणला. “मला एवढंच सांगता येतं. बरोबर आहे ते. हात लावायला नको.”

बायको मान खाली घालून हातातल्या पेनचं टोपण काढत-घालत बसली होती. वर बघितलं तर आपलं काय होईल याची तिला खात्री नव्हती.

सगळ्यात आधी कंठ फुटला तो चष्मेवाल्याला. तो केव्हापासून कपाळाला आठ्या घालून विचार करत होता.

“अगं, पण हे भांडण कुणाचं?” त्याने विचारलं. “आपलं? कधी झालं होतं?”

“आठवत नाही ना? मग राहू द्या.”

“पण मी होतो ना त्यात?”

“अर्धे होता,” बायको म्हणाली, आणि सिस्टर हसायला लागली. ती हसतेय तोवर ड्रायव्हरने आपला कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, “काका, आता माझा वाचा. हळू वाचा. घाई नाही.”

अनुस्वारांनी कागद घेतला, खिशातून नवा चष्मा काढला, काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या आणि वाचायला लागले. पहिल्या ओळीवर त्यांच्या भुवया वर गेल्या. ड्रायव्हर खुर्चीच्या कडेला सरकून, श्वास रोखून बसला.